मानेखालचा हात

परवा रविवारी अमेरिकेहून मिलिंदचा फोन आला. मध्येच ईशानं त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि विचारलं, "आजी, आजोबांना पुण्याला का नाही नेलं? बाबा म्हणतात, नेलं असतं तर ते वाचले असते." मागे मिलिंद तिला दटावत होता, ते मला ऐकू येत होतं. मी म्हटलं, "वेळच मिळाला नाही, बाळा."

हे खोटं आहे. वेळ होता. एक अख्खी संध्याकाळ होती आणि डॉक्टर सुहास गाडी दाराशी आणायला तयार होता. तुम्ही गेल्याला आज अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत खरं काय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. पाकिटावर पत्ता मात्र आपल्या नातवंडांचा, ईशा आणि रोहनचा असेल. आजोबा कसे डॉक्टर होते हे त्यांना बारामतीतला कुणीही सांगेल. आजीनं काय केलं हे मीच सांगायला हवं. आणि ते सांगायचं तर आधी संगीताचं सांगावं लागतं, जे तुम्हालाही पुरतं ठाऊक नव्हतं.

मुलांना आपलं हॉस्पिटल आठवत असेल ते व्हरांड्यातल्या झोपाळ्यापुरतं. बारा खाटांचा वॉर्ड, आणि त्याच्या टोकाला काचेची खोली. त्या खोलीत दोन खाटा आणि श्वास देणारं एकच मशीन. तुम्ही तिला आयसीयू म्हणायचा, गावची माणसं 'काच' म्हणायची. "पोरगं काचंत गेलं," असं बाहेर पिंपळाखाली कुणी म्हणालं की बायका तोंडाला पदर लावायच्या. फवारणीचे दिवस आले की आपल्याकडे विषबाधेची माणसं यायची. उसाला, वांग्याला, द्राक्षाला मारायचं औषध घरोघरी असे, आणि ते हाताला लागेल त्या बाटलीत भरलेलं असे. कुणी खोकल्याचं औषध म्हणून प्यायलेलं, कुणी उघड्या अंगानं दिवसभर फवारून भिजलेलं, कुणी रागाच्या भरात. तुम्ही कारण विचारत नव्हता. "का घेतलं ते पोलीस विचारतील. मला किती घेतलं आणि कधी, एवढं सांगा," म्हणायचा.

मग खरा प्रश्न यायचा. आत कुणाला घ्यायचं, वॉर्डात कुणाला ठेवायचं आणि पुण्याला कुणाला पाठवायचं. आलेला प्रत्येक जण घाबरलेला, प्रत्येकाबरोबर जीपभर माणसं, आणि मशीन एक. तुम्ही ते कसं ठरवता हे मी पहिल्या वर्षी नुसतं बघत होते. दुसऱ्या वर्षी म्हटलं, हे तुमच्या डोक्यात आहे ते कागदावर का नाही? तुम्ही बाहेरगावी गेलात तर सिस्टर काय करतील? तुम्ही सांगत गेलात आणि मी टाइप करत गेले. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर, दंडाचे स्नायू आपोआप उडतात. असा माणूस सरळ आत. तुम्हाला तो कागद इंग्रजीत हवा होता. मी म्हटलं, आपल्या सिस्टर इंग्रजी वाचतात ते औषधाच्या खोक्यावर. आपण दोन दिवस त्यावर भांडलो आणि शेवटी कागद मराठीत झाला. वर मी मथळा दिला, 'आत कोण, बाहेर कोण'. तुम्ही म्हणालात, "हे नाटकाचं नाव वाटतंय."

पण तुमचा सगळा भर शेवटच्या दोन ओळींवर होता. विष उतरलं, माणूस बोलायला लागला, चहा मागायला लागला, की घरचे म्हणतात सुटलो. तुम्ही म्हणायचा, इथंच फसायला होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींचे श्वासाचे स्नायू हळूच थकतात, आणि त्याची पहिली खूण छातीत नसते, मानेत असते. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक रोग्याला उताणं निजवून सांगायचं, उशीवरून मान उचल आणि दहा सेकंद धर. मग एका श्वासात जेवढे आकडे म्हणता येतील तेवढे म्हण. मान पडली, आकडे घटले, की वाट बघायची नाही. काचेत घ्यायचं, मशीन अडकलेलं असेल तर पुण्याला पाठवायचं. श्वास अजून चालू असतानाच.

नरसिंहपूरकडचे ते म्हातारे आबा तुम्हाला आठवत असतील. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. तुम्ही म्हणालात, "आबा, एका दमात वीसपर्यंत मोजा."

"आकडं न्हाईत येत, डाक्टर. मेंढरांची नावं घिऊ का?"

"घ्या."

"काळी, मोरी, बांडी, कानी, लंगडी..." असं ते सुरू झाले आणि तुम्ही बोटांवर मोजत गेलात. पहिल्या दिवशी एकोणीस मेंढरं झाली. दुसऱ्या दिवशी चौदाव्या मेंढराला, रडकीला, दम संपला. तुम्ही लगेच सिस्टरना म्हणालात, "आत घ्या."

आबा म्हणाले, "आत कशी घेता? मेंढरं पळसदेवच्या पाण्याकडं चरत्यात की!"

तुम्ही हसलात, सिस्टर हसल्या, आणि तासाभरात आबांच्या घशात नळी होती. अकराव्या दिवशी ते जीपमध्ये बसून घरी गेले. जाताना मला म्हणाले, "बाईसाहेब, रडकीनं वाचिवलं. तिच्याच नावाला दम गेला." असे दिवसही होते. मुलांनो, ते दिवस होते म्हणूनच पुढचं इतकं जड आहे.

ती खूण लोकांनाही कळली. पिंपळाखाली बसलेल्या नातेवाइकांनी आमची परीक्षा पाठ केली. पिंपळीहून रोज कामाला येणाऱ्या आपल्या गंगूमावशी फरशी पुसता पुसता ऐकायच्या आणि मला येऊन सांगायच्या, "बाई, तिकडं शिकवण्या चालल्यात. मान उचल बरं का, न्हायतर काचंत न्हेत्यात, म्हणत्यात." मी तुम्हाला ते गंमत म्हणून सांगितलं. तुम्हीही गंमत म्हणूनच ऐकलंत. काचेतून चालत बाहेर आलेले लोक आपण मोजत होतो. बाहेरच्यांनी फक्त झाकून बाहेर नेलेले पाहिले होते.

चार वर्षांपूर्वी संगीता आली. पळसदेवची, एकोणीस वर्षांची. लग्न ठरलेलं, सासरची माणसं साखरपुड्याला येणार होती. डोक्यात उवा झाल्या होत्या. आईनं, भामाबाईनं, वांग्यावर मारायचं औषध खोबरेल तेलात कालवून पोरीच्या केसांना चोळलं आणि वर फडकं बांधलं. ईशा, तुला हे वाचून धक्का बसेल. इथं ते नवल नव्हतं. शेजारणीनं सांगितलं, सगळ्याच करतात, तिनंही केलं. दुपारी पोरगी शेतात कोसळली. आणली तेव्हा खोलीभर त्या औषधाचा उग्र, लसणासारखा वास होता आणि तिच्या कमरेपर्यंतच्या केसांतून तेल ठिबकत होतं.

तुम्ही म्हणालात, "केस काढावे लागतील. सगळे."

भामाबाईनं तुमचे पाय धरले. "डाक्टरसायेब, केस नगा कापू. पोरीचं लगीन जमलंय. टकलं बघून माघारी जातील ती माणसं. आमी धुतो की. दहा येळा धुतो, हितंच धुतो."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, "साबणानं तीनदा धुऊ." तुम्ही मान हलवलीत. गंगूमावशींनी हातांना पिशव्या बांधून तिचे केस धुतले. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले. हे मी लिहून ठेवते, कारण पुढची चार वर्षं तुम्ही या एका क्षणापाशी अडकून पडलात.

पोरगी सुधारली. दुसऱ्या दिवशी ती आईला म्हणत होती, "आये, च्या दे की, निस्तं बघत काय बसलीयास?" तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही राउंडला आलात. काचेतल्या मशीनवर त्या दिवशी एक शाळामास्तर होते. म्हणजे संगीताची मान पडली असती तर पुणे. हे भामाबाईला ठाऊक होतं, सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं. ती पोरीच्या उशाशी उभी होती, पदर खांद्यावरून पुढे सोडलेला. मी तुमच्या मागे केसपेपर घेऊन उभी होते.

"संगीता, मान उचल."

मान उठली. तुम्ही नेहमीप्रमाणे मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत दहा सेकंद मोजू लागलात. आणि मी पाहिलं, पदराच्या आड भामाबाईचा हात पोरीच्या मानेखाली होता. डोकं त्या हातावर होतं. पोरीच्या गळ्याच्या शिरासुद्धा ताणलेल्या नव्हत्या.

भामाबाईनं वर पाहिलं. आमची नजर एक झाली.

"आठ, नऊ, दहा. छान," म्हणत तुम्ही पुढच्या खाटेकडे गेलात. आकडे तुम्ही तिला विचारले नाहीत. मान धरली की आकडे सोडून द्यायची तुम्हाला सवय झाली होती. मी केसपेपरवर माझ्या अक्षरात लिहिलं, 'मान ठीक.'

मी का बोलले नाही? चार वर्षं मी यावर वेगवेगळी उत्तरं शोधली. पोरगी बोलत होती, म्हणून. ती बाई आई होती, म्हणून. पण तुम्हाला खोटं सांगायचं नाही असं ठरवूनच बसले आहे. पुण्याला फोन लावायचा, खाट मिळते का विचारायचं, गाडी, सिलिंडर, सोबत कोण, हे सगळं मलाच करावं लागायचं. रविवार होता. मिलिंदचा फोन यायचा होता. मला वाटलं, संध्याकाळी पुन्हा मान बघतीलच. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळ आलीच नाही. दुपारी साडेतीनला गंगूमावशी ओरडल्या. संगीता निळी पडली होती. तुम्ही धावत येऊन नळी घातलीत, गाडीत तिच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसलात आणि हातानं श्वासाचा फुगा दाबत निघालात. पाटसच्या अलीकडेच तिचं हृदय थांबलं. परत आलात तेव्हा तुमच्या उजव्या हाताची बोटं आखडली होती, कप धरता येत नव्हता. मी तुम्हाला बशीनं चहा पाजला.

तुम्ही म्हणालात, "केस होते. केसांतून विष आत जात राहिलं. मी त्या बाईचं ऐकायला नको होतं."

"तीनदा धुतले होते," मी म्हटलं. "कारण केस नव्हते."

"मग काय होतं, सांग ना?"

"मला काय कळतंय त्यातलं? मी बी.ए. इंग्रजी."

ते बोलणं तिथं तुटलं ते कधी पुरं झालं नाही. दर दोन-चार महिन्यांनी तुम्ही ते पुन्हा काढायचा, जेवताना, गाडीत, एकदा तर नीरा-भीमेच्या संगमावर पाण्यात पाय सोडून बसलो असताना. "सकाळी मान उत्तम होती, इंदू. दहा सेकंद. मग सहा तासांत अशी कशी पडेल?" तुम्हाला ते कोडं सुटत नव्हतं, आणि उत्तर शेजारी बसून भेळ खात होतं. सांगितलं असतं तर तुमचं ओझं उतरलं असतं. पण मग तुम्ही माझ्याकडे कसं पाहिलं असतं ते मला ठाऊक होतं. तुमच्या नजरेत राहण्यासाठी मी तुम्हाला तुमच्याच नजरेतून उतरू दिलं.

त्यानंतर तुम्ही कुणाचेही केस ठेवले नाहीत. बायका रडल्या, पुरुष अंगावर आले, तुम्ही स्वतः वस्तरा घेऊन बसायचा. आणि अशाच एका दिवसानंतर व्हरांड्यात म्हणालात, "माझ्यावर पाळी आली तर मला नळी घालू नका. फार पाहिलं." एकदाच म्हणालात. दमलेले होतात. मी ते वाक्य घडी घालून जपून ठेवलं, मी सगळंच ठेवते तसं.

आता या महिन्याचं. आधी तुम्हाला जुलाब झाले. आठवड्यानं पाय जड झाले, मग जिना चढवेना. आजाराचं नाव तुम्हीच सांगितलंत, आणि म्हणालात, "पायांपासून वर चढत जातो. छातीपर्यंत आला तर मशीन, नाहीतर आपोआप उतरतो." अशा एका पेशंटला तुम्ही महिनाभर मशीनवर ठेवलं होतं आणि तो स्वतःच्या पायांनी घरी गेला होता. हे मला आठवत होतं. तरी मला आठवायचं होतं ते व्हरांड्यातलं वाक्य.

संध्याकाळी सहाला सुहास आला. मुलांनो, हा आजोबांच्या हाताखाली शिकलेला डॉक्टर, आता हॉस्पिटल तोच बघतो. त्यानं छाती तपासली आणि म्हणाला, "काकू, श्वास बरा आहे. मान बघतो. मान धरली तर आज घरी राहू दे, सकाळी नऊला पुन्हा येतो. नाही धरली तर आत्ताच पुणे, आपलं मशीन अडकलंय." मग तुमच्याकडे वळून हसत म्हणाला, "सर, तुमचीच परीक्षा तुम्हाला. मान उचला."

मी तुमच्या उशाशी बसले होते. माझ्या अंगावर शाल होती.

मला पुण्यातल्या हॉस्पिटलचा तो लांब पांढरा हॉल दिसला, नळ्या दिसल्या, भेटायच्या वेळेला दाराबाहेर बाकावर बसलेली मी दिसले. आणि माझा हात गेला. त्या कागदाचा शब्द न् शब्द मी टाइप केला होता. त्या हाताची किंमत मी पाहिली होती. तरी तो गेला.

तुमचं डोकं माझ्या तळव्यावर आलं. सगळं वजन आलं. त्यात तुमचं स्वतःचं बळ काहीच नव्हतं.

सुहास घड्याळाकडे पाहत होता. ते तुम्हीच त्याला शिकवलंत.

तुम्ही डोळे वर करून माझ्याकडे पाहिलंत आणि अगदी हळू म्हणालात, "हात काढ."

सुहासनं विचारलं, "काय म्हणताहेत सर?"

मी म्हटलं, "पाणी मागताहेत."

"दहा. उत्तम," सुहास म्हणाला. आकडे त्यानंही विचारले नाहीत. तो गेल्यावर मी तुम्हाला चमच्यानं पाणी पाजलं. ते तुम्हाला गिळवेना. तुम्ही नुसते माझ्याकडे पाहत राहिलात. सकाळी आठला, सुहास यायच्या तासभर आधी, तुमचा श्वास थांबला.

"हात काढ." हे तुम्ही का म्हणालात? डॉक्टर म्हणून म्हणालात का, चुकीची तपासणी तुम्हाला सहन होत नव्हती म्हणून? की त्या क्षणी तुम्हाला चार वर्षांचं कोडं सुटलं? की सरळ अर्थ होता, तुम्हाला जगायचं होतं, पुण्याला जायचं होतं, नळीसकट? मी तेव्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. आता रोज सकाळी आठ वाजता मी तीन अर्थ एकामागून एक लावून बघते. तिसराच खरा वाटतो.

गेल्या आठवड्यात भामाबाई आली होती. तुम्ही गेल्याचं तिला बाजारात कळलं. उंबऱ्याशी बसली, आत या म्हटलं तरी आली नाही. मग म्हणाली, "बाईसाहेब, तुमी त्या दिशी बगितलं हुतं. का वो बोलला न्हाईत? तुमी बोलला असता तर मी हात काढला असता."

मी म्हटलं, "व्हय." माझ्या तोंडून तिचीच भाषा आली. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला माझ्या हाताचं काही ठाऊक नव्हतं. मी तिलाही सांगितलं नाही. ती निघताना गंगूमावशींनी तिला चहा दिला, तो तिनं उभ्या उभ्या घेतला.

तुमच्या कपाटातून मी तो जुना कागद काढला आहे, 'आत कोण, बाहेर कोण'. कडा पिवळ्या पडल्यात, पण अक्षरं स्वच्छ आहेत. काल टाइपरायटरवर तो पुन्हा चढवला आणि तळाशी एक ओळ वाढवली. 'मान उचलायला सांगताना घड्याळाकडे बघू नये. मानेखाली बघावं. उशाशी कुणालाही उभं राहू देऊ नये, घरच्या माणसाला तर नाहीच.'

उद्या सकाळी हा कागद मी सुहासला नेऊन देणार आहे. तो वाचेल आणि विचारेल, "काकू, हे सरांनी कधी सांगितलं?" सर कधीच बोलले नव्हते, हे मी त्याला सांगेन. मग तो विचारेल, तुम्हाला कुणी सांगितलं. तेव्हा मी शाल बाजूला करून त्याच्यापुढे माझा उजवा हात ठेवणार आहे.